शेवाळ न धरणारं पाणी

३ सप्टेंबर

चि. भिंगूस,

तळ्याकाठच्या म्हाताऱ्याचे पोटभर आशीर्वाद. तू सहा वर्षांची असताना माझं वाचायचं भिंग पळवलंस आणि मुंगीपासून मामीच्या मानेवरच्या चामखिळीपर्यंत सगळं तपासून काढलंस. तेव्हापासून तू भिंगू. आता प्रयोगशाळेत कितीही पदव्या मिळव, माझ्या लेखी पदवी तीच.

सकाळच्या बसने नेहमीप्रमाणे दोन कॅन पाठवतोय. पत्र कॅनच्या दोरीला बांधलंय. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने रचतो, त्यापेक्षा हे बरं.

आज पहाटे तळ्यावर इतकं धुकं होतं की होडीचं एक टोक दुसऱ्याला ओळख देईना. नावाडी वल्हवत होता, मी पुढे कॅन मांडीवर घेऊन. मधोमध पोचलो तेव्हा पाणी असं निश्चल की काय सांगू! वर्गात सगळी मुलं मिळून कविता म्हणतात, शेवटची ओळ संपते, आणि कुणी खोकायच्या आत एक क्षण शांतता पडते ना, तीच कुणी पाण्यावर अंथरल्यासारखी. कॅन बुडवताना अपराध्यासारखं वाटलं. कार्डावर वेळ, खोली, तापमान सगळं लिहिलंय. तापमान अठरा.

मामी म्हणते, "यांना तळ्याचं तापमान कळतं, घरात दूध उतू गेलेलं कळत नाही."

बाकी घरी बरं नाही. ठमीला पुन्हा ताप आहे. चौदा महिन्यांची माझी नात आणि महिन्याभरातला हा तिसरा ताप. कान वाहतोय. तिचा बाप जहाजावर, सूनबाई एकटी तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालते. डॉक्टर म्हणतात, मुलं अशीच मोठी होतात. होत असतील. माझा मुलगा मात्र असा मोठा झाला नव्हता.

एक सांग, या पाण्याचं तू करतेस काय? जुलैपासून पाठवतोय, "माशांना स्वच्छ पाणी लागतं," यापलीकडे तू काही बोलली नाहीस. मला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी समज आणि नीट सांग.

तुझा मामा

१२ सप्टेंबर

ती. मामांना भिंगूचा वाकून नमस्कार.

शेवटच्या बाकावर बसा आणि खिडकीबाहेर बघू नका.

कारखान्यांचं रसायन पाण्यात गेलं की मासे मरतात, हे सगळ्यांना दिसतं. आम्ही न दिसणारं शोधतोय. रसायन इतकं थोडं असलं की मासा मरत नाही, पोहतो, खातो, तर त्याच्या रोगाशी झुंजायच्या ताकदीचं काय होतं? माझ्याकडे काचेचे तीन टँक आहेत. तिन्हींत तुमचंच पाणी. पहिल्यात नुसतं पाणी, दुसऱ्यात रसायनाचा थेंब, तिसऱ्यात थोडं जास्त. प्रत्येकात बोटभर लांबीचे मासे, सहा आठवडे.

मग प्रत्येक माशाच्या रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा आणि त्यात यीस्टचे बारीक कण सोडायचे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. जाग्या असल्या तर त्या परका कण दिसताच गिळतात. मी सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पेशी मोजते आणि किती जणींनी गिळला ते लिहिते. कुठली पट्टी कुठल्या टँकची हे मला ठाऊक नसतं. वर फक्त खुणेचा आकडा असतो, म्हणजे मन लुडबुड करत नाही. मोजून झालं की सर कपाटातून लिफाफा काढतात आणि खुणा फोडतात.

काल लिफाफा फोडला. तिसऱ्या टँकात शंभरात अकरा. दुसऱ्यात तेरा. पहिल्यात, नुसत्या स्वच्छ पाण्यात, चौदा.

मामा, तिथे साठाच्या वर आकडा हवा. आमच्या पैदाशीच्या हौदातले, बोअरच्या पाण्यातले मासे आजही त्रेसष्ट दाखवतात. सर म्हणाले, "तू कुठेतरी घोळ घातलायस." मी सगळं परत केलं. परत चौदा.

म्हणजे रसायन घालायच्या आधीच मासे निकामी झाले होते. म्हणजे जे आहे ते पाण्यातच आहे. तुमचं सगळं गाव तळ्याचं पाणी पितं. काल घरी जाऊन नळाखाली पेला धरला आणि धरूनच राहिले. नळ तर माझ्या गावचा, तळ्याशी त्याचा संबंध नाही, तरी पिववेना.

कुणाला बोलू नका. अजून दोन कॅन पाठवा, अगदी त्याच जागचे. आणि ठमीच्या तापाचं मला कळवत राहा.

भिंगू

१९ सप्टेंबर

चि. भिंगूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोन दिवस मी तळ्याकडे पाठ करून बसलो.

कुणाला बोलू नको म्हणालीस. मी फक्त नावाड्याला बोललो. तेही अर्धंच. संध्याकाळपर्यंत धक्क्यावर सगळ्यांना पूर्ण कळलं होतं, माझ्या अर्ध्यापेक्षा जास्त. आता बायका मासळीच्या टोपल्यांना वळसा घालून जातात. काल नावाड्याने भरलेली टोपली जशीच्या तशी परत नेली. मला विचारलं, "गुरुजी, तळं खरंच नासलं?" मी म्हटलं, "प्रयोगशाळा सांगते." त्यावर त्याने टोपली डोक्यावर घेतली. काहीतरी ओठांवर आलं होतं, ते गिळून निघून गेला.

घरात आम्ही ठमीचं पाणी दोनदा उकळतोय. तशी आमच्या टाकीची काही काळजी नाही. नळाचं पाणी तिच्यात येतं, पण काचेसारखं होतं, झाकण उघडलं की तळ दिसतो. तीन वर्षांत शेवाळाचा ठिपका नाही. शेजारी बघायला येतात. तरी उकळतोय. मामी पातेल्यापाशी पहारा देते आणि म्हणते, "तुमच्या भाचीच्या पहारेकऱ्यांना झोप लागलीय, मला नाही."

ठमीला त्या तापात इंजेक्शन दिलं होतं, तिथे मांडीवर गाठ झालीय आणि पू धरलाय. सुई टोचल्याला बारा दिवस झाले. ती रडते तेव्हा आवाज पूर्वीसारखा येत नाही. थकल्यासारखी रडते. एवढ्याशा जिवाला थकवा कसला गं?

मी तिला मांडीवर घेऊन बालवर्गातल्या सगळ्या कविता म्हणतो. पूर्वी टाळ्या वाजवायची.

कॅन पाठवलेत. नेहमीच्याच जागचे. तापमान अठरा.

मामा

२७ सप्टेंबर

ती. मामांना नमस्कार.

आधी वाईट ते सांगते. स्वच्छ टँकातले दहा मासे आणि हौदातले दहा मासे वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले आणि दोन्हींत माशांच्या एका साध्या रोगाचे जंतू सोडले. धडधाकट मासा तो रोग अंगावर काढतो. चार दिवसांत हौदातला एक मेला. तुमच्या पाण्यातले आठ. सकाळी टँकपाशी गेले की ते पृष्ठभागावर कलंडून एका डोळ्याने वर बघत असतात. मला तो डोळा जेवतानाही दिसतो.

आता विचारते. रागावू नका.

तुमच्या नव्या कॅनमधला एक थेंब मी भिंगाखाली धरला. नुसताच, सवयीने. तळ्याच्या थेंबात एक जत्रा असते, मामा. हिरवे ठिपके, वळवळणारे, गरगर फिरणारे. लहानपणी तुम्हीच मला तळ्याचं पाणी बशीत आणून दिलं होतंत, आठवतं? या थेंबात काहीही नाही. एकही जीव नाही. दहा थेंब बघितले. कुठलंही तळं इतकं रिकामं नसतं.

मग मी कार्डं काढली. जुलैपासून नऊ कार्डं. नऊही वेळा तापमान अठरा. मामा, जुलैच्या उकाड्यात अठरा?

थर्मामीटर पाण्यात बुडवला होतात का? होडीत बसला होतात का?

सर तळ्याबद्दल सरकारी खात्याला पत्र पाठवणार आहेत. गेलं की गावाचं पाणी बंद होईल, मासेमारी बंद होईल. त्यांनी मला सोमवारपर्यंतचा वेळ दिलाय. मला खरं सांगा.

भिंगू

३० सप्टेंबर

चि. भिंगू,

सांगतो. चाळीस वर्षं मुलांकडून चुका कबूल करून घेतल्या, आज माझी पाळी.

मी होडीत बसलोच नाही. एकदाही नाही. गेल्या वर्षी धक्क्यावरून होडीत पाय टाकताना पाय निसटला आणि होडी आणि धक्का यांच्या फटीतून खाली गेलो. पाण्याखाली असेन मिनिटभर. वर होडीचा काळा तळ होता आणि हात लावायला काही सापडेना. नावाड्याने कॉलर धरून वर काढलं. तेव्हापासून धक्क्यावर गेलो तरी होडीपासून चार हात लांब उभा राहतो. घरात कुणाला सांगितलं नाही. तळ्यावरच्या इतक्या कविता पाठ असलेला माणूस तळ्याला भितो, हे कुठल्या तोंडाने सांगू? तुला लिहिलं ते धुकं, ती शांतता, सगळं खिडकीतून बघितलेलं आणि जुनं आठवलेलं. अठरा हा आकडा मला आपला बरा वाटला.

पाणी आमच्या टाकीतलं होतं. मी म्हटलं, तळ्याचंच तर पाणी आहे, नळाने आलेलं, उलट जास्त स्वच्छ. भाचीला चांगलंच देतोय.

तेव्हा तळं निर्दोष आहे, बाळ! तुझ्या सरांना सांग, ते पत्र फाडा. मी आज धक्क्यावर जाऊन सगळ्यांसमोर हे बोललो. नावाडी म्हणाला, "गुरुजी, मला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुम्ही होडीत नव्हता. म्हटलं, म्हाताऱ्याची अब्रू आहे, कशाला बोला. पण माझ्या टोपल्या परत गेल्या ते दिवस कुठल्या कार्डावर लिहू?"

लाज वाटली, पण भीती गेली. किती दिवसांनी छाती मोकळी झाली. गावाला काही धोका नाही, म्हणजे घाबरण्यासारखं आता काही उरलं नाही, नाही का?

ठमीला खोकला झालाय. उकळलेलं पाणी चमच्या-चमच्याने देतोय.

तुझा खोटारडा मामा

१ ऑक्टोबर

मामा,

तुमचं पत्र दुपारी मिळालं. उभ्याउभ्या वाचलं आणि तुमच्या सूनबाईंना फोन लावला. त्यांना एवढंच सांगितलं की टाकीचं पाणी कुणीही पिऊ नका. ठमीला तर थेंबही नको. उकळूनसुद्धा नको. उकळल्याने जंतू मरतात, इतर गोष्टी मरत नाहीत, उलट घट्ट होतात.

तुम्हाला वाटलं भीती गेली. मामा, ती तळ्यावरून उठून तुमच्या घरात येऊन बसलीय.

नीट विचार करा. नळातून पाणी टाकीत शिरतं तेव्हा ते सगळं गाव पितं तेच असतं. टाकीतून बाहेर येतं तेव्हा त्यात एक जीव उरत नाही, आणि ते सहा आठवडे अंगावर घेतलेला मासा साध्या रोगाने मरतो. मध्ये फक्त तुमची टाकी आहे. तीन वर्षं तिला शेवाळ का धरलं नाही? टाकीत काय घातलंत? काही लावलंत? काही धुतलंत?

ठमीचं वय चौदा महिने. म्हणजे ती जन्मल्यापासून, आणि त्याआधी आईच्या पोटात होती तेव्हापासून, ह्याच पाण्यावर आहे.

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. उत्तर त्याच बसने द्या. ती परत फिरायच्या आत.

भिंगू

८ ऑक्टोबर

भिंगे,

मामीचा आशीर्वाद. मला पत्रं लिहायची सवय नाही, तुझ्या मामांनी आयुष्यभर दोघांच्या वाटचं लिहून ठेवलंय. पण आता ते लिहीत नाहीत म्हणून मी.

बस परत गेली तेव्हा त्यांनी उत्तर दिलं नाही. तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि टाकीपाशी जाऊन उलट्या बादलीवर बसले. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली, आत उतरले आणि भिंतींवरचा रंग खरवडायला लागले. आठवडाभर तेच चाललंय. हात कोपरापर्यंत तांबडे. हाक मारली तर ओ देत नाहीत. फोन कानाशी नेला तर मान वळवतात.

ठमीला परवा दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी झालंय म्हणतात. नाकाला नळी आहे. डॉक्टर तरुण आहेत पण शहाणे, तुझ्या फोनची गोष्ट त्यांनी हसण्यावारी नेली नाही. म्हणाले, पाण्यात काय होतं तेवढं कळू द्या. सूनबाई तिच्या उशापासून हलत नाही. तुझ्या मामांशी ती बोलत नाही. बोलेल तरी काय?

मी शेवटी टाकीत डोकं घालून ओरडले, "अहो, तो रंग कसला ते तरी सांगा!" आतून आवाज आला, "होडीचा." एवढंच.

मग मीच शोधलं. परसातल्या लाकडांमागे रिकामा डबा सापडला. नावाड्याच्या आजोबांच्या वेळचा असावा, त्याच्या खोपटात पडून होता तो यांनी मागून आणला होता. वरची अक्षरं पुसलीत. जे दिसतं ते लिहिते. होडीच्या तळासाठी. शेवाळ व शिंपले धरत नाहीत. दहा लिटर. आणि कोपऱ्यात एक कवटी. ती कवटी बघून मला काय झालं ते लिहीत नाही.

मी यांना फार बोलले, भिंगे. नाही नाही ते बोलले. मग आठवलं, ते टाकीत रंग लावत होते तेव्हा शिडी मी धरली होती. वर म्हटलंही होतं, बघा, कसा छान बसलाय रंग.

मामी

१० ऑक्टोबर

ती. मामी,

हे पत्र मामांच्या हातात द्या. ते टाकीत असतील तर टाकीत उतरून द्या.

मामा, तुमचे हात आधी धुवा आणि खरवडणं थांबवा. तो चुरा अंगावर घेऊ नका.

डब्याचं वर्णन मी सरांना वाचून दाखवलं. ते खुर्चीतून उठले. पूर्वी होड्यांच्या रंगात कथिलाचं एक संयुग घालत. होडीच्या तळाला काही चिकटू नये म्हणून. जे चिकटेल ते मरावं, हेच त्या रंगाचं काम. पुढे कळलं की त्याच्या अगदी कणभर अंशानेही माशांचे पहारेकरी लुळे पडतात, म्हणून तो बंद झाला. आम्ही शिकलो ते पुस्तकात. तो तुमच्या टाकीत असेल हे कुणाच्या स्वप्नात येणार होतं? सर स्वतः डॉक्टरांशी बोलले. ठमीच्या रक्ताचे नमुने काढलेत, खरवडलेला चुरा मागवलाय. माणसाच्या बाळाला कितीने काय होतं हे नक्की कुणी सांगू शकत नाही. मीही नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही.

एक सांगू शकते. स्वच्छ टँकातले उरलेले मासे मी तेरा दिवसांपूर्वी हौदाच्या पाण्यात हलवले. आज मोजलं. चौदाचे एकोणतीस झालेत. साठ नाहीत. पण पेशी उठतायत, मामा. ठमी तर मासा नाही, तिच्यामागे दवाखाना आहे, औषधं आहेत, आई आहे.

माझा प्रयोग रद्द झाला. तुमची कार्डं खोटी होती हे मी वहीत लिहिलं, कारण लिहायलाच हवं होतं. त्याबद्दल मनात काही ठेवू नका, मी ठेवलं नाही.

पण एक गोष्ट मला बसू देत नाही. डबा दहा लिटरचा होता आणि तो रिकामा आहे. तुमची टाकी मला माहीत आहे, तिला आतून दोन हात द्यायला फार तर तीन लिटर लागतील. तुमच्या सूनबाईंना विचारलं, त्यांना ठाऊक नाही. मामी फोनवर म्हणाल्या, आपल्याच टाकीला लावला. तुम्ही फोनवर येत नाही.

मामा, उरलेला रंग कुठे गेला?

भिंगू

१२ ऑक्टोबर

चि. भिंगू,

मी आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, नळांच्या रांगेसमोर स्टुलावर बसून लिहितोय. तुझं पत्र काल सकाळी मामीने टाकीत उतरून दिलं. गुडघा खरचटला तिचा. मला म्हणाली, "वाचा. मोठ्याने वाचा." शेवटची ओळ मला मोठ्याने वाचता आली नाही.

ती ओळ तू लिहिण्याआधीच माझ्या छातीवर बसली होती. एक ऑक्टोबरला तू विचारलंस, "काही लावलंत?" आणि मला दोन टाक्या दिसल्या. एक घरची आणि एक शाळेची. निवृत्त झालो त्या वर्षी शाळेच्या टाकीला शेवाळ फार धरायचं, मुलांच्या पेल्यात हिरव्या तारा यायच्या. मला वाटलं, जाताना काहीतरी देऊन जावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एकट्याने रंगवली. मामीला म्हटलं, शाळेत जुन्या वह्या लावतोय. कौतुक आपोआप कानावर आलं की गोड लागतं ना, म्हणून लपवलं. टाकीवर बाहेरून पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, "गुरुजींकडून शाळेला भेट."

दहा दिवस मी गप्प होतो, भिंगू. मला कळलेलं असून गप्प होतो. घरची टाकी खरवडत होतो आणि मनाशी म्हणत होतो, शाळेत एकच हात दिला होता, रंग विरळ होता, इतकी मुलं पाणी वापरतात, धुऊन गेला असेल. दहा दिवस रोज मधल्या सुट्टीची घंटा घरी ऐकू यायची. घंटा झाली की मी जोरात खरवडायचो. होडीखाली अडकलो होतो तेव्हा एवढा भ्यायलो नव्हतो.

काल पत्र हातात घेऊन तसाच आलो. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. हसून म्हणाली, "गुरुजी, हात असे तांबडे कशाने? या, बसा. पाणी घ्या." आणि पेला पुढे केला. मी तो पेला तिच्या हातातून काढून ओतून दिला. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. मग सगळं सांगितलं. तिचा चेहरा बघण्यापेक्षा तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. सांगून होईपर्यंत मधली सुट्टी झाली आणि पोरं नळावर धावली. मी मुख्य कॉक बंद करायला गेलो तर गंजून घट्ट बसलेला. तिने आणि मी दोघांनी मिळून फिरवला. तेवढ्या वेळात किती जणांनी पाणी प्यायलं ते मोजता आलं नाही.

दुसरीतली एक चिमुरडी पेला घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "आजोबा, पाणी का नाही?"

"खराब झालंय, बाळ."

"कुणी केलं?"

मी म्हटलं, "मी केलं."

तिने विचार केला आणि म्हणाली, "मग सॉरी म्हणा."

म्हटलं. ती गेली. बाकीच्यांना अजून म्हणायचंय.

डॉक्टर काल संध्याकाळी येऊन गेले. तुझ्या सरांचाही फोन आला म्हणे, टाकीचा चुरा आणि पाणी त्यांना हवंय. आज सकाळपासून नावाडी पिंपांतून धक्क्यावरच्या नळाचं पाणी आणून टाकतोय. माझ्याशी तो बोलत नाही. एक पिंप उतरवताना मी हात लावायला गेलो तर म्हणाला, "तुम्ही राहू द्या."

ठमी अजून नळीवर आहे. आज सूनबाईने मला दारातून बघू दिलं. आत येऊ दिलं नाही. ठमीने डोळे उघडले होते. मला ओळखलं की नाही ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले ताप कालच्यापेक्षा अर्ध्या अंशाने कमी आहे. अर्धा अंश. या वेळी थर्मामीटर दाराशी मागून घेऊन मी स्वतः वाचला.

आता हे वर्गातून लिहितोय. डॉक्टरांना यादी हवी आहे आणि ती यादी करायला मुलांना ओळखणारं माणूस लागतं. मुख्याध्यापिका म्हणाली, तुम्हीच करा गुरुजी. दुसरीपासून सुरुवात केली. पोरांना सांगितलं, "या वर्षी ज्यांना पुन्हा पुन्हा ताप आला, कान वाहिला, किंवा खरचटलेलं लवकर भरलं नाही, त्यांनी उभं राहायचं." मुलं उभं राहायला उतावीळ असतात, एक उठला की दहा उठतात. म्हणून एकेकाजवळ जाऊन विचारलं, घरी किती दिवस होतास, डॉक्टरकडे किती वेळा गेलीस. जे उगाच उठले होते ते बसले.

अठ्ठावीसपैकी सतरा उभे राहिले. सॉरी म्हणा म्हणणारीही त्यांत आहे.

"खाली बसा," एवढंच म्हणायचं होतं. चाळीस वर्षं दिवसातून दहादा म्हटलेले दोन शब्द. ते तोंडातून निघेनात. मुलं तशीच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मुख्याध्यापिकेने त्यांना बसवलं.

सतरा नावं सोबतच्या कागदावर आहेत. माझी सही आहे. तू स्वतः ये, भिंगू, सुया आणि काचपट्ट्या घेऊन ये, आणि माझ्यासाठी काही चांगलं बोलायला येऊ नको, मोजायला ये.

अजून सहा वर्ग आहेत. तिसरीच्या दारात उभा आहे.

मामा